सुडोकूत सतराच का? सोळा का नाही?

रिकामं_घर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आमच्या मजल्यावर भांडण झालं. पाण्यावरून नाही, पार्किंगवरूनही नाही. सुडोकूवरून.

बाबा रोज पेपरातलं सुडोकू पेनानं सोडवतात. पेन्सिल वापरणं हा त्यांच्या मते भ्याडपणा आहे. समोरचे काका तोच पेपर घेतात आणि तेच कोडं सोडवतात. रविवारी दोघांचंही सुटलं. संध्याकाळी जिन्यात ताडून पाहिलं, तर चार घरं जुळेनात. बाबांच्या एका ओळीत दोन ठिकाणी ३ आणि ८, खालच्या ओळीत त्याच रकान्यांत ८ आणि ३. काकांचं बरोब्बर उलटं. दोघांनी एकमेकांचे कागद तपासले. आडव्या ओळी बरोबर, उभे रकाने बरोबर, तीन बाय तीनचे डबे बरोबर, प्रत्येकात १ ते ९ एकेकदाच. चूक कुणाचीच नाही, तरी उत्तरं दोन! सोमवारी छापून आलेलं उत्तर काकांशी जुळलं आणि बाबा दोन दिवस त्यांच्याकडे चहाला गेले नाहीत.

घरातला 'कम्प्युटरवाला' मी, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. कोडं प्रोग्रॅममध्ये टाकलं, खरंच दोन उत्तरं निघाली. छापताना एखादा आकडा गळला असावा. हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे एकच उत्तर यायचं तर कमीत कमी किती आकडे द्यावे लागतात?" मी कुठेतरी वाचलेलं ठोकून दिलं, सतरा. "सतराच का? सोळा का नाही?"

इथे माझी दांडी उडाली. इथे गणिती आणि कोडेबाज मंडळी भरपूर आहेत, म्हणून विचारतो. सोळा का नाही? आणि भाच्याच्या पुस्तकात ४×४ आणि ६×६ ची सुडोकू असतात, त्यांचा आकडा किती? शेवटी बाबांना समजावायचं आहे, तेव्हा कृपया लिंका फेकून पळू नका.


चहाटळ

मी बाबांच्या बाजूने. पेनाने सोडवणाऱ्याला बोनस गुण हवेत.


कोडेकर

छान धागा. आधी इतिहास सांगतो, 'का' नंतर.

ऑस्ट्रेलियातल्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातले गॉर्डन रॉयल यांनी सतरा आकड्यांची सुडोकू गोळा करायला घेतली. जगभरच्या हौशी लोकांनी भर घातली आणि यादी ४९ हजारांच्या वर गेली. एवढं रान पालथं घालूनही सोळाचं एकही हाती लागलं नाही. त्यामुळे सतरा हाच तळ असणार असं सगळे धरून चालले होते. पण सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं गणितात म्हणता येत नाही.

१ जानेवारी २०१२ ला डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले गॅरी मॅकग्वायर आणि त्यांचे सहकारी बास्टियन टुगेमान व जिल सिव्हारिओ यांनी जाहीर केलं की सोळाचं सुडोकू नाहीच. रीत समजायला सोपी, करायला महाभयंकर: प्रत्येक पूर्ण भरलेली जाळी घ्यायची आणि तिच्यात असे सोळा आकडे शोधायचे, की ते तेवढे ठेवून बाकीचे पुसले तरी उत्तर एकच राहील. एकाही जाळीत तसे सोळा मिळाले नाहीत. संगणकाचे सुमारे ७१ लाख कोअर-तास लागले (प्रोसेसरचा एक कोअर तासभर चालला की एक कोअर-तास). एकाच कोअरवर चालवलं असतं तर आठशे वर्षांच्या वर. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधी सुरू केलं असतं तर आत्ता कुठे संपलं असतं.


रिकामं_घर

@कोडेकर, प्रत्येक जाळी? नऊ बाय नऊच्या जाळ्या आहेत तरी किती?


कोडेकर

६६७०९०३७५२०२१०७२९३६९६०. बावीस अंकी संख्या आहे. २००५ मध्ये फेल्गेनहावर आणि जार्विस यांनी मोजली.

पण एवढ्या तपासाव्या लागत नाहीत. सगळे १ आणि २ आपापसांत बदलले तर नवीन कोडं होत नाही, जुन्यालाच नवे कपडे घातल्यासारखं आहे. वरच्या तीन ओळी आपापसांत फिरवा, डब्यांचे पट्टे फिरवा, अख्खी जाळी कर्णावर आडवी करा, माल तोच. अशा जुळ्या भावंडांना एकच धरलं की उरतात ५,४७,२७,३०,५३८. साधारण ५४७ कोटी. हा आकडा जार्विस आणि रसेल यांचा.


निवृत्त_मास्तर

इथे जरा खडू हातात घेतो. आकडे बदलण्याच्या रीती ९! (९×८×७ असं १ पर्यंत गुणत जायचं) म्हणजे ३,६२,८८०. ओळी, रकाने, पट्टे फिरवण्याच्या आणि जाळी आडवी करण्याच्या मिळून ३३,५९,२३२. या दोघांच्या गुणाकाराने त्या बावीस अंकी संख्येला भागून पाहा, ५४७ कोटींच्या जवळ याल. किंचित फरक पडतो. काही जाळ्या फिरवल्या तरी स्वतःसारख्याच राहतात, त्याचा तो परिणाम.

आता 'सोळा का नाही'कडे. नऊ बाय नऊला हात घालण्याआधी भाच्याचं ४×४ घ्या. तिथे उत्तर चार आहे, आणि ते कागदावर पाच मिनिटांत सिद्ध होतं. बाबांना हेच दाखवा.

४×४ च्या एकूण जाळ्या २८८. जुळी भावंडं काढली की फक्त दोन उरतात. पहिली:

१ २ ३ ४
३ ४ १ २
२ १ ४ ३
४ ३ २ १

पहिली आणि तिसरी ओळ, डावीकडचे दोन रकाने पाहा. १ २ आणि खाली २ १. ही चार घरं पुसून तिथे २ १ आणि १ २ लिहिलं तर? ओळीत तेच दोन आकडे, रकान्यात तेच, डब्यातही तेच. काही मोडत नाही. म्हणजे या चार घरांतला एकही आकडा दिला नसेल, तर दोन उत्तरं निघणारच. बाबा आणि काकांचं ३-८ चं भांडण ते हेच.

अशा चार चौकड्या इथे घ्या: ओळी १ व ३ मध्ये डावीकडे एक, उजवीकडे एक, ओळी २ व ४ मध्ये डावीकडे एक, उजवीकडे एक. चारही एकमेकींपासून वेगळ्या, कोणतंही घर सामाईक नाही. प्रत्येकीत निदान एक आकडा हवाच. म्हणून चारपेक्षा कमी अशक्य.

दुसरी जाळी:

१ २ ३ ४
३ ४ १ २
२ ३ ४ १
४ १ २ ३

इथल्या चौकड्या तुम्हीच शोधा. एक सांगतो: ओळी १ व २, रकाने १ व ३. उरलेल्या तीन गृहपाठाला.


तिरकी_रेघ

मास्तर, गृहपाठ केला. ओळी १-२ मध्ये रकाने २-४, ओळी ३-४ मध्ये रकाने १-३ आणि रकाने २-४. बरोबर?


निवृत्त_मास्तर

दहापैकी दहा. पण सिद्धता अजून अर्धीच झालीय. चारपेक्षा कमी चालत नाहीत हे कळलं. चार पुरतात हे दाखवायला हवं. घ्या:

१ . . .
. . . २
. . ४ .
. १ . .

नुसते १ बसवायला घेतलेत तरी कडी उघडत जाते. उत्तर वरची दुसरी जाळी येते, आणि तेवढीच येते. यात ३ कुठेच दिलेला नाही, हे लक्षात घ्या. चारपैकी तीन आकडे दिसले की चौथा आपोआप ठरतो. पण दोन आकडे गायब असते तर ते दोघे उत्तरात सरसकट आपसांत बदलता आले असते आणि कोडं फसलं असतं. नऊ बाय नऊतही हाच नियम: नऊपैकी निदान आठ आकड्यांनी एकदा तरी तोंड दाखवायलाच हवं. म्हणजे नुसत्या डोक्याने, संगणकाशिवाय, 'निदान आठ क्लू' (म्हणजे दिलेले आकडे) इथपर्यंत चालत येता येतं. आठपासून सतरापर्यंतची चढण मात्र डोक्याच्या बळावर अजून कुणी चढलेलं नाही.


चहाटळ

१×१ चं सुडोकू असेल तर किती क्लू?


तिरकी_रेघ

शून्य. आणि ते तुम्हालाही सुटेल. (हलके घ्या.)


आयटीतला_गडी

एक शंका. मास्तरांच्या पद्धतीने नऊ बाय नऊमध्ये एकमेकांना न शिवणारे असे सतरा गट दाखवले की झालं ना? मग ७१ लाख तास कशाला जाळले?


कोडेकर

मिळाले असते तर झालंच असतं, पण सहसा तेवढे मिळत नाहीत. गट ढीगभर असतात, पण एकमेकांत घुसलेले. एकच आकडा पाच-सहा गटांचं काम करतो. त्यामुळे नुसतं मोजून भागत नाही.

असं समजा की गावाला बाहेर पडायच्या शेकडो वाटा आहेत आणि तुमच्याकडे सोळाच हवालदार. एक हवालदार चौकात उभा केला तर चार वाटा अडतात. प्रत्येक वाटेवर कुणी ना कुणी असेल अशी सोळा जणांची नाकेबंदी होते का, हा प्रश्न. वाट म्हणजे मास्तरांची चौकडी (मोठ्या जाळीत सहा, नऊ, दहा, बारा घरांचेही गट असतात). त्यांना 'अटळ संच' म्हणू. हवालदार म्हणजे दिलेले आकडे.

आंधळेपणाने ८१ घरांतून १६ निवडायच्या रीती एका जाळीला ३४ च्या पुढे पंधरा शून्यं इतक्या. गुणिले ५४७ कोटी. विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून आधी जाळीतले लहान अटळ संच हुडकायचे, मग फक्त अशाच नाकेबंद्या रचायच्या ज्या या सगळ्यांना अडवतात, आणि एखादी वाट मोकळी राहतेय असं दिसलं की ती शाखा तिथेच छाटायची. डब्लिनच्या मंडळींची खरी करामत या छाटणीत आहे.


लोकलवाली

मला हे सगळं वाचून सतराचं एखादं प्रत्यक्ष सोडवायचंय. कुणी देता का?


कोडेकर

घ्या. रॉयल यांच्या संग्रहातलं, खूप फिरलेलं आहे:

. . . . . . . १ .
४ . . . . . . . .
. २ . . . . . . .
. . . . ५ . ४ . ७
. . ८ . . . ३ . .
. . १ . ९ . . . .
३ . . ४ . . २ . .
. ५ . १ . . . . .
. . . ८ . ६ . . .

वरच्या तीन ओळींत मिळून फक्त तीन आकडे. ६, ७ आणि ९ अख्ख्या कोड्यात एकेकदाच.


लोकलवाली

बोरिवलीला बसले, चर्चगेटला उतरले तेव्हा निम्मं झालं होतं, उरलेलं परतीच्या गाडीत. बघूनच घाम फुटला होता, पण सुरुवात गंमतशीर आहे. मधल्या पट्ट्यातला उजवा डबा घ्या. १ ला सहाव्या ओळीत जागा नाही, आठव्या रकान्यात नाही, उरतं एकच घर, पाचवी ओळ नववा रकाना. तो बसला की मधल्या डब्यातला १ चौथ्या ओळीत सहाव्या रकान्यात. मग खालचा उजवा, मग खालचा डावा, मग वरचे दोन... सगळेच्या सगळे नऊ १ पेन न उचलता बसले! दिलेले होते फक्त तीन. शेजारच्या बाई डोकावून म्हणाल्या, "सोप्पं दिसतंय." मी काही बोलले नाही. पुढे २ आणि ४ नी वाट लावली.


रिकामं_घर

बाबांनाही हे दिलं. पेनानेच चाललंय. त्यांचा नवा प्रश्न: यातला कुठलाही एक आकडा काढला तर कोडं बिघडेल का? की काही फालतू आहेत?


निवृत्त_मास्तर

एकही फालतू नाही. त्यातला एखादा काढूनही उत्तर एकच राहिलं असतं तर ते सोळाचं कोडं झालं असतं, आणि तसं नसतं हे वर आलंच आहे. पण बाबांना एवढ्यावर गप्प बसवू नका, डोळ्यांनी दाखवा. ज्यांना स्वतः सोडवायचंय त्यांनी पुढचं वाचू नये. उत्तराच्या पहिल्या दोन ओळी:

६ ९ ३ ७ ८ ४ ५ १ २
४ ८ ७ ५ १ २ ९ ३ ६

आता वर-खाली वाचा. पहिल्या रकान्यात ६ खाली ४. वरच्या ओळीत ४ शोधा, सहाव्या रकान्यात आहे, त्याच्या खाली २. वर २ कुठे? नवव्यात, खाली ६. आलो परत ६ वर, फेरी पूर्ण. रकाने १, ६, ९. या तीन रकान्यांत वरचं खाली आणि खालचं वर केलं तर दोन्ही ओळींत २, ४, ६ हेच आकडे राहतात आणि कुठलाही नियम मोडत नाही. सहा घरांचा अटळ संच.

उरलेले सहा रकाने दुसरी फेरी करतात: ९-८, ८-१, १-३, ३-७, ७-५, ५-९. बारा घरांची.

म्हणजे या दोन ओळींत दोन वाटा आहेत आणि दोनच आकडे दिलेत. दुसऱ्या ओळीतला ४ सहा घरांच्या वाटेवर उभा, पहिल्या ओळीतला १ बारा घरांच्या. जास्तीचा एकही हवालदार नाही. तो ४ खोडा, लगेच दुसरं उत्तर तयार: पहिली ओळ ४ ९ ३ ७ ८ २ ५ १ ६, दुसरी ६ ८ ७ ५ १ ४ ९ ३ २. बाकी सात ओळी जशाच्या तशा.


तिरकी_रेघ

मास्तर __/\__ हे इतकं स्वच्छ कुठे वाचलं नव्हतं. वाचनखूण साठवली.


शंकासुर

मला एक खटकतं. ५४७ कोटी जाळ्या यंत्राने तपासल्या, यंत्र म्हणालं नाही, आणि आपण मान डोलावली. ही सिद्धता की जनगणना? प्रोग्रॅममध्ये बग असला तर? कारण कुठे आहे यात? 'का' या प्रश्नाला 'बघितलं, नाही' हे उत्तर कसं?


आयटीतला_गडी

बगचा मुद्दा रास्त. पण तैवानमधल्या चिआओ तुंग विद्यापीठाच्या गटाने हाच प्रश्न आपल्या प्रोग्रॅमने, लोकांच्या घरच्या संगणकांवर कामं वाटून, स्वतंत्रपणे तपासला आणि २०१३ मध्ये संपवला. उत्तर तेच. दोन वेगळ्या घरांत शिजवलेली आमटी सारखीच खारट निघाली तर मीठ खरंच जास्त आहे.


निवृत्त_मास्तर

@शंकासुर, तुमची खंत मला कळते. नकाशे रंगवायला चार रंग पुरतात, हे १९७६ मध्ये संगणक लावून सिद्ध झालं तेव्हाही असाच वाद झाला होता. आज ते प्रमेय सगळे मानतात. सिद्धता आहे, यात मला संशय नाही. पण ती वाचून 'अच्छा, असं होय!' होत नाही, हेही खरं. चार बाय चारला ते होतं. सोळाने एखादी वाट मोकळी राहतेच, इतकंच आपल्याला माहीत आहे. ती राहावीच का, याचं दोन पानी कारण कुणाकडे नाही. बाबांना हे प्रामाणिकपणे सांगा. बाबांचा प्रश्न बाळबोध नाही, उलट तो अजून अर्धा उघडाच आहे.


खवचट_खान

माझ्याकडे सोळाचं आहे. काल रात्री बनवलं. मला एकच उत्तर आलं. कुठे पाठवू, डब्लिनला की तैवानला?


कोडेकर

इथेच टाका. (एक उत्तर 'आलं' आणि एकच 'आहे' यात फरक असतो.)


खवचट_खान

प्रोग्रॅममध्ये टाकून पाहिलं. ३१२ उत्तरं निघाली. मी त्यातलं पहिलं काढलं होतं. धागा चालू द्या.


कोडेकर

हाहा. पण मन छोटं करू नका. सोळा आकड्यांचं असंही एक कोडं माहीत आहे ज्याची फक्त दोन उत्तरं निघतात. इतक्या जवळ जाऊन हुकलेलं.

आणि दुसऱ्या टोकाची गंमत: ७७ आकडे दिले तरी एकच उत्तर येईल याची खात्री नाही! बाबांचं ३-८ पुन्हा पाहा. फक्त ती चार घरं रिकामी, बाकी सगळं भरलेलं, तरीही उत्तरं दोन. तेव्हा 'सतरा दिले की झालं' असा अर्थ कुणी काढू नका. कुठले सतरा, यावर सगळं आहे. बहुतेक जाळ्यांत तसे सतरा नसतातच. कोडी ४९ हजार आणि जाळ्या ५४७ कोटी, हिशोब करा. उलट एक जाळी अशी आहे की तिच्या एकटीतून सतराची २९ वेगवेगळी कोडी निघतात. शोधणाऱ्यांनी तिला लाडाने 'ओळखीची वाटणारी' अशा अर्थाचं नावच दिलंय.


भाच्याची_आई

६×६ चं कुणीच सांगितलं नाही. आमच्याकडे तेच चालतं, दोन बाय तीनच्या डब्यांचं.


कोडेकर

राहिलंच. ६×६ ला आठ. ८×८ ला (दोन बाय चारचे डबे) चौदा. ही सगळी पक्की उत्तरं. नवाच्या पुढे मात्र पक्कं काही नाही, फक्त विक्रम आहेत. १६×१६ चं ५५ आकड्यांचं कोडं सापडलेलं आहे, २५×२५ चं १५१ आकड्यांचं. त्याहून कमी होणार नाही असं कुणी दाखवलेलं नाही.


आयटीतला_गडी

टक्केवारी काढली. ४×४ : १६ पैकी ४, २५ टक्के. ६×६ : २२.२. ८×८ : २१.९. ९×९ : २१. १६×१६ : २१.५. २५×२५ : २४.२. आधी उतरत जाते आणि शेवटी एकदम चढते. माझा अंदाज: जाळी मोठी झाली की हुडकणं अवघड होतं, म्हणून १५१ हा तळ नसून तिथवर हात पोचलाय इतकंच. ५५ चीही मला खात्री वाटत नाही.


निवृत्त_मास्तर

अंदाज पटतो. पण टक्केवारीच्या रेघेवर फार भिस्त ठेवू नका. सहा आणि आठचे डबे आयताकृती, चार-नऊ-सोळाचे चौरस. एका माळेत ओवायला मणी सारखे नाहीत.

अवांतर: डबेच काढून टाकले, नुसत्या ओळी आणि रकाने ठेवले, तर त्याला लॅटिन चौरस म्हणतात. तिथे बाजूच्या वर्गाचा चौथा भाग क्लू लागतात असा अंदाज आहे. नवाला वीस. डब्यांचा नियम आला आणि वीसचे सतरा झाले. नियम म्हणजे फुकटचे क्लूच.


तिरकी_रेघ

याच वाटेने पुढे गेलं तर! डबे वेडेवाकडे, जिगसॉसारखे केले की नऊ बाय नऊ फक्त आठ आकड्यांत बांधता येतं. मास्तरांनी वर सांगितलेली आठाची सीमा तिथे खरोखर गाठली जाते. बेरजांचे पिंजरे, म्हणजे घरांचे गट आणि त्यांची बेरीज, दिले (किलर सुडोकू) तर एकही आकडा न देता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिचेल ली यांचं 'मिरॅकल सुडोकू' गाजलं होतं, दोनच आकडे दिलेले, एक १ आणि एक २. बुद्धिबळातल्या घोड्याच्या आणि राजाच्या चालीवर तोच आकडा नको, आणि शेजारी लागोपाठचे आकडे नकोत, एवढे जादा नियम. त्याच्या व्हिडिओत सोडवणारा आधी म्हणतो ही थट्टा आहे, आणि मग अर्धा तास त्याचा आवाज चढत जातो. लॉकडाऊनमध्ये मी ते तीनदा पाहिलं.


लोकलवाली

पेपरात मग सतराची का देत नाहीत? नेहमी पंचवीस-तीस आकडे असतात.


कोडेकर

दोन कारणं. एक, देखणेपणा. जपानच्या निकोली मासिकाने १९८६ मध्ये ठरवलं की दिलेले आकडे ३२ पेक्षा जास्त नकोत आणि मांडणी सममित हवी, म्हणजे पान उलटं धरलं तरी भरलेल्या घरांची नक्षी तीच. तशी सममिती हवी असेल तर आजवर सापडलेला नीचांक अठरा. सतराची कोडी बहुतेक ओबडधोबड दिसतात. वरचंच पाहा, कुणीतरी मूठभर तांदूळ फेकल्यासारखं.

दुसरं, आकडे कमी म्हणजे अवघड हा समजच चुकीचा आहे. सतराची कितीतरी कोडी नुसतं 'या डब्यात हा आकडा कुठे' करत सुटतात. फिनलंडच्या आर्टो इंकाला यांचं कोडं जगातलं सगळ्यात अवघड म्हणून वर्तमानपत्रांनी मिरवलं, त्यात २१ आकडे आहेत. चार जास्त असून घाम काढतं. अवघडपणा आकडे कुठे आणि कसे पेरलेत यात असतो.


शंकासुर

म्हणजे सतरा हा आकडा सोडवणाऱ्याच्या काहीच कामाचा नाही?


लोकलवाली

आहे ना. पेपरात सोळा छापलेले दिसले तर गाडीत वेळ घालवायचा नाही. सरळ झोपायचं.


रिकामं_घर

सगळ्यांचे आभार. वृत्तांत देतो. ४×४ ची चार चौकडींची सिद्धता बाबांना मास्तरांच्या शब्दांत सांगितली. त्यांनी दुसऱ्या जाळीचा गृहपाठ माझ्या आधी केला. सतराचं कोडं बुधवारी दुपारी सुटलं, पेनानेच, दोन ठिकाणी गिरवलेलं आहे पण ते मान्य करत नाहीत.

मग गुरुवारी सकाळी त्यांनी तेच कोडं नव्या कागदावर उतरवलं, दुसऱ्या ओळीतला ४ मुद्दाम गाळून, आणि समोर काकांकडे नेऊन दिलं. चहाही तिथेच झाला. काका अजून सोडवतायत. कुठलंही उत्तर आलं, तरी बाबा खिशातून दुसरं काढणार आहेत.